घंटा उतरवल्यावर

सेंदाई शहरात मी विम्याचे दावे तपासते. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. तरी त्या घंटेच्या चित्राच्या मागे लागायला मला दोन आठवड्यांवर दिवस लागले, याची अजून लाज वाटते.

बाबा गावी, मिझुसावात एकटे राहतात. पन्नास वर्षं लोखंड ओतण्यात गेली आणि अकरा वर्षांपूर्वी कान कायमचे गेले. फोनवर बोलणं शक्य नाही, म्हणून आईने मेसेजमधून चित्र पाठवायची रीत घालून दिली होती. रोज सकाळी सातला 🎐. खिडकीत टांगायची घंटा, खाली कागदाची पट्टी. अर्थ एवढाच, की खिडकी उघडलीय, वारा आहे, इकडे सगळं ठीक. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तरी बाबांनी ती रीत मोडली नाही. कुरकुर मात्र केली. "काचेची काढलीय! ही घंटा आहे का जेलीफिश?" जन्मभर लोखंडी घंटा ओतलेल्या माणसाला काचेचं काय कौतुक.

शरदातला हिगान, म्हणजे पितरांचा आठवडा, संपला, थडग्यावर पाणी घालून झालं, की घंटा उतरवायची, हा आईचा कडक नियम. थंडीत वाजली तर शेजाऱ्यांना हुडहुडी भरते म्हणायची. मग चित्रही बदलायचं. दुसऱ्या दिवसापासून चेस्टनट. यंदा हिगान संपला आणि घंटाच येत राहिली.

मी लिहिलं, "बाबा, घंटा उतरवली नाही का?" खाली 'वाचलं' अशी खूण उमटली. उत्तर नाही. सकाळी सातला पुन्हा घंटा.

बाबा विसरणाऱ्यातले नाहीत. मला शेजारच्या ओइकावा काकूंचा संशय आला, कारण घराची किल्ली त्यांच्याकडे असते. बाबा अंथरुणाला खिळलेत आणि या लपवताहेत? याहून वाईटही मनात येऊन गेलं. ऑक्टोबरातल्या सुट्टीच्या सोमवारी मी पहिली गाडी पकडली. सातला गाडीतच घंटा आली.

काकू अंगणातच भेटल्या, हातात पर्सिमन फळांची पिशवी.

"आलीस एकदाची! मला वाटलं, सेंदाई उचलून समुद्रापार नेली की काय कुणी."

"बाबांचा फोन तुम्ही वापरता का?"

"मी? अगं, मला माझाच धड येत नाही."

मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. खोटं बोलणारा माणूस आधी चिडतो. काकू नुसत्या गोंधळल्या होत्या.

बाबा आत अझुकीच्या शेंगा सोलत बसले होते, ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला. खिडकी बंद होती. वरचा घंटेचा आकडा रिकामा होता.

मी कागदावर लिहिलं, "फोन कुठे आहे?"

त्यांनी खण उघडला. बॅटरी फुगून फोन मधोमध उकलला होता.

"हिगान संपला त्याच दिवशी मेला. मुद्दाम दुरुस्तीला नेला नाही." ते शेंगांकडे बघत म्हणाले, "म्हटलं, चित्र गेलं नाही की पोरगी धावत येईल. सोळा दिवस वाट बघितली. इतकी कामात होतीस का गं, कानाए?"

मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. एकेका घंटेवर बोट ठेवत ते मोजत गेले. सोळा. मग उठले आणि कपाटातला खोका घेऊन आले. घंटा वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, वर सुतळी, आणि गाठ त्यांचीच.

आता मला भीतीपेक्षा राग आला. सगळं ठीक आहे असं सांगून कुणीतरी मला सोळा दिवस या घरापासून लांब ठेवलं होतं. मी बाबांच्या देखत त्या घंटांखाली फोनवर लिहिलं, "कोण आहे?"

खणातला फोन काळाच राहिला.

माझ्या फोनवर 'वाचलं' उमटलं.

मग घंटा आली.

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी मान वर करून रिकाम्या आकड्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत मी त्यांना कान देऊन काही ऐकताना पाहिलं नव्हतं.

"शिगेको," आईला हाक मारायचे तशाच आवाजात ते म्हणाले, "हिगान झाला ना गं? उतरव ती आता."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

फोन थरथरला. चेस्टनट आलं होतं.