ओटिलीचे कापलेले होकार

त्या दिवशी तो गिऱ्हाईक म्हणून आलाच नव्हता. इथे आखातात, मनामाच्या बाजारातल्या ऑगस्टच्या उकाड्याने हैराण होऊन आमच्या व्हिडिओच्या दुकानात एसीची हवा खायला शिरला होता. मी काउंटरमागून रोखून पाहिलं, तशी हाताला लागली ती कॅसेट उचलून म्हणाला, "ही... ही द्या."

ती निघाली ओटिली रेंझची. व्हिएन्नाची नाचगाण्याची नटी, अब्बांच्या लहानपणी गाजलेली.

"जर्मन समजतं तुम्हाला?"

"नाय. पन बाई नाचताना बोलनार कशाला?"

मला हसू आवरेना. नाव यासीन, गाव खेडजवळचं. तुबलीच्या गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा. कॅसेट परत द्यायला आला की मी आधी त्याची रंगलेली बोटं पाहायची... आणि मग, धीर झालाच तर, डोळे.

हळूहळू ओटिलीच्या सगळ्या कॅसेट त्याने नेल्या. दर वेळी काउंटरला रेलून तिच्याबद्दल विचारायचा. मीही अब्बांची जुनी इंग्रजी मासिकं उकरून सांगायची – बेकरीवाल्याची पोर, नाकापायी पहिल्याच चाचणीत नापास, मग कोरसमध्ये मागच्या रांगेत, आणि मग एकदम नायिका!

"नाक तर बेस हाय की," तो म्हणाला... पण पाहत होता माझ्याकडे. माझं नाक अम्मी म्हणते तसं भज्यासारखं आहे. त्या रात्री मी आरशापुढून हलले नाही.

आणि एका गुरुवारी तो तोंड पाडून आला.

"सोमवारी गावाला चाललोय, लीववर. आईनं मुलगी बघून ठेवलीय. मी गेलो का होकार द्यायचा."

त्याचं नाव वहीत लिहिता लिहिता मी थांबले. तरी तोऱ्यात म्हटलं, "मग द्या की! मला कशाला सांगता?"

"हां... तुमच्या ओटिलीनं शिकवलाच ना. हिरो जीव तोडून विचारतो, ती नुसती बघत राहते... आन खलास! नावं येतात. एकापन पिक्चरमध्ये हो म्हटला नाय तिनं. बाईच्या मनात नसला तर मानसानं विचारावा कशाला?"

मी कपाळावर हात मारला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! मूळ कॅसेट आली की अब्बा मागच्या खोलीत दोन व्हीसीआर जोडून कॉप्या काढायचे. दुकानात बायकापोरं यायची, म्हणून पडद्यावर कुणी कुणाच्या फार जवळ आलं की अब्बा पॉज दाबायचे, तेवढं कॉपीत उतरायचंच नाही. आणि ओटिली होकार द्यायची ती शब्दांनी थोडीच? अब्बांनी तिचा एकूण एक होकार कापून टाकला होता.

पण हे एका तरुण मुलाला सांगायचं कसं?

"तिथे ना... अब्बा पॉज दाबतात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे! ती... ते दोघं..." पुढचे शब्द फुटेनात.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हंजे... हो म्हनायची?"

"दर वेळी. आणि खऱ्या आयुष्यात तर तिनेच विचारलं. तालमीला पियानो वाजवणारा एक होता, वर्षानुवर्षं गप्प बसलेला. शूटिंग थांबवून सगळ्यांदेखत विचारलं. लग्नानंतरही गात राहिली."

"तिनंच?" तो हळूच म्हणाला आणि कॅसेटशी चाळा करू लागला. 

आमच्यात मागणी मुलाकडूनच येते. मुलीने तोंड उघडायचं नसतं. पण हा मुखदुर्बळ सोमवारी विमानात बसला असता, आणि मी रीतभात सांभाळत जन्मभर कॅसेटी पुसत राहिले असते.

"यासीन, तिकडे होकार देऊ नका. मला तुम्ही आवडता."

बोलून गेले, आणि समोरच्या कॅसेटी उगाच सरळ लावू लागले. त्याने वर पाहिलं. इतकं सरळ त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मी आजच आईला फोन करतो," तो म्हणाला. हसत होता. "माझी खाला, आईचीच बहीण, इथंच सनाबिसला राहते. उद्या जुम्म्याच्या नमाजेनंतर तिला तुमच्या अम्मीकडं पाठवतो."

"आणि तुम्ही?"

"मी... मी तुमच्या बिल्डिंगीखाली गाडीत थांबतो. होकार आला तर वर येतो."

"होकार आत्ताच दिला ना मी?" मी म्हटलं. "सरळ वर या."