वरचं की खालचं

“माझ्या नवऱ्याचे कान गेलेत का, एवढंच मला सांगा,” वहिनी म्हणाल्या. “गेले असतील तर यंत्र घेऊन देईन. नसतील गेले, तर कुणीतरी त्यांचा केसाने गळा कापलाय.”

“कानांसाठी डॉक्टर असतात,” भाचा म्हणाला.

“तू गप रे!” मावशीने झापलं. खासगी तपास करणाऱ्या या बाईला सारं गाव मावशी म्हणे. सख्खा भाचा मात्र हा एकच. वय चाळीस, अक्कल वाटेत कुठेतरी रेंगाळलेली.

वहिनींचा नवरा परदेशात माल पाठवणाऱ्या कचेरीत कारकून होता. मालक त्याचा सख्खा धाकटा भाऊ. थोरल्याने शाळा सोडून धाकट्याला शिकवलं, धाकट्याने कचेरी काढली आणि थोरल्याला कोपऱ्यातलं टेबल दिलं. उपकारच म्हणायचे!

गिऱ्हाइकाला दरपत्रक जाई. त्यात विमानाची ओळ वर, जहाजाची खाली. म्हणून कचेरीत विमानाला ‘वरचं’ आणि जहाजाला ‘खालचं’ म्हणायची सवय पडली होती.

डोळ्यांत बसवायच्या भिंगांची एक पेटी परदेशातल्या मोतीबिंदूच्या शिबिरासाठी निघाली होती. भिंगवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, थोरल्यांनी ‘खालचं’ ऐकलं आणि पेटी जहाजावर चढली. चाळीस दिवसांनी पोचली, तेव्हा शिबिर उठून गेलं होतं. एकशेऐंशी म्हातारी माणसं आली तशी चाचपडत परत गेली.

“ते जेवत नाहीत हो,” वहिनी रडायला लागल्या. “म्हणतात, माझ्या कानांनी एवढ्या लोकांना आंधळं ठेवलं.”

थोरले घरी खिडकीशी पाठमोरे बसले होते. मावशी दारातूनच भाच्याच्या कानात पुटपुटली, “सदऱ्याची कॉलर मागे दुमडलीय बघ.”

थोरल्यांनी मान न वळवता कॉलर नीट केली. भाचा मात्र स्वतःचीच कॉलर तपासत राहिला.

भिंगवाल्या बाई संतापलेल्याच होत्या. “मी विमानच सांगितलं! सहीच्या जागेला टेकूनच विमानाची ओळ होती. तिच्यावर बोट ठेवून बोलले.”

“शब्द कोणते वापरलेत?”

“शब्द कोण लक्षात ठेवतं? जहाजाचा कागद हातात पडला तोवर जहाज सुटलेलं. रागाने दरपत्रक फाडून टाकलं मी.”

कचेरीत धाकट्याने फाईल लगेच पुढे केली. “दादानं मला वाढवलं, मावशी. पण वय कुणाला चुकलंय? घरी बस म्हटलं.” आवाजात नुसतं तूप होतं.

भाच्याने वाचलं, “तारीख सत्तावीस. पहिली ओळ विमान, तीन दिवस, इंधन अधिभार अठ्ठावीस टक्के. दुसरी ओळ जहाज, चाळीस दिवस. खाली सहीची जागा. झालं की! बाई ‘वरचं’ म्हणाल्या, थोरल्यांनी भलतंच ऐकलं.”

बाहेर बुकिंगवाली मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. “ती भिंगांची पेटी गेली आणि पुढच्याच एक तारखेला विमान कंपनीचं अचानक पत्रक आलं, इंधन अधिभार चोवीसचा अठ्ठावीस. गिऱ्हाइकं अजून भांडतायत. नशीब, छापू त्या दिवसाचा दर संगणक आपोआप घेतो, नाहीतर मेलेच असते.”

“ओळी मागंपुढं कोण करू शकतं?”

“फक्त साहेब. पासवर्ड त्यांच्याकडेच आहे.”

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यांना धाकट्याच्या खोलीत बसवलं. थोरले दाराजवळच्या खुर्चीत, मान खाली घालून.

“बाईंनी विमानच सांगितलं,” मावशी म्हणाली. “पण सांगताना शब्द वापरला ‘खालचं’. थोरल्यांनी तेच ऐकलं. दोघंही खरं बोलतायत.”

“मग खोटं कोण बोलतंय?” भाचा.

“कागद. विमानाची ओळ सहीला टेकून होती, म्हणजे सगळ्यात खाली. फाईलमध्ये ती वर कशी? आणि सत्तावीस तारखेच्या कागदावर पुढच्या एक तारखेला आलेला अठ्ठावीस टक्के कसा? हा कागद नंतर छापलाय, तारीख मागची घालून. आणि ओळी हलवणारा हात या कचेरीत एकच आहे.”

धाकट्याचा चेहरा उतरला. तो टेबलावरची टाचणी फिरवू लागला.

“स्वस्त ते आधी दिसावं म्हणून जहाज वर घेतलं होतं. दादाला सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं ती चूक होती. पण खोटा कागद तू शुद्धीत छापलास.”

“बाजारात नाव गेलं असतं माझं! एकेक गिऱ्हाईक तुटलं असतं. दादाचं काय, तो नाहीतरी दोन वर्षांनी घरीच बसणार...”

“लाज वाटू दे मेल्या!” वहिनी ओरडल्या. “करून सवरून नामानिराळा! महिनाभर माणूस उपाशी झोपतोय, आणि तू घरी येऊन त्यांची विचारपूस करत होतास!”

धाकटा उठला. “दादा, मी...”

थोरल्यांनी हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. वहिनींनी डोळे पुसले आणि नवऱ्याचा खांदा हलवला.

“ऐकलंत ना? तुमचं काही चुकलं नाही. कान ठणठणीत आहेत तुमचे!”

“ऐकलं,” थोरले म्हणाले. “गेले असते तर बरं झालं असतं गं.”