वीतभर समुद्र

“तुझ्याच सहीनं मला हरवलंस, ताई!” धाकटीनं सरकारी कागद टेबलावर आपटला आणि ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आई गेल्यापासून स्वतःचं लग्न, हौसमौज सगळं बाजूला सारून जिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, ती वकील होऊन सरकारविरुद्ध उभी राहिली होती. चढत्या समुद्रापासून माणसं वाचवायचा आराखडा सरकारनं करावा, असा हुकूम तिला कोर्टाकडून हवा होता. आणि सरकार म्हणत होतं, समुद्र चढलाच नाही... बंदरावर पाणी मोजणाऱ्या ताईची नोंदवही पाहा!

“नोंदी खऱ्या आहेत गं,” ताई पुटपुटली.

“मग भरतीला आपल्या मागच्या खोलीत शिरतं ते काय नळाचं पाणी?” म्हणत धाकटी तडक निघून गेली.

ते बोलणं ताईच्या मनात सलत राहिलं. सकाळी ती धक्क्यावर गेली. बारा वर्षांपूर्वी वादळात मोजणीचा खांब वाहून गेला, तेव्हा धक्क्याच्या पायरीवरून माप घेऊन नवा खांब तिनंच रोवला होता. तिनं पायरी खरवडली... आणि पट्टी लावून पाहिली. खांब रोवण्याआधीच्या डागडुजीत जुन्या दगडावर सिमेंटचा थर चढला होता, चांगला वीतभर! मापात तो धरलाच नव्हता. म्हणजे खांब वीतभर वर बसला आणि बारा वर्षं प्रत्येक नोंद वीतभर कमी!

बोललं तर तीस वर्षांची अब्रू जाणार, नोकरी जाणार. तरी सरकारची साक्षीदार म्हणून उभी राहिल्यावर ती बोललीच. “समुद्र वीतभर चढलाय, साहेब. चूक माझी आहे.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “तेव्हा तपासलं का नाही?”

“घाई होती, साहेब.”

“कसली?”

“माझीच,” ताई म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली.

निकालाच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती. सहा महिन्यांत आराखडा करा, असा हुकूम झाला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. केवढं नवल हे! एवढं अवाढव्य सरकार, मंत्री, कचेऱ्या, शिक्के... आणि एका खोलीत एक माणूस हळू आवाजात म्हणतो ‘करा’, तर ते साऱ्यांनी निमूट ऐकायचं! आणि हे घडवणारी कोण? जिच्या वेण्या आपण घातल्या, ती पोर!

बाहेर व्हरांड्यात धाकटी समोर आली. “खांब रोवल्याची तारीख पाहिली मी, ताई... त्या दिवशी माझी वकिलीची प्रवेशपरीक्षा होती! चिखलाच्या पायांनी धावत येऊन तू मला परीक्षेच्या केंद्रावर सोडलं होतंस. कोर्टात का नाही सांगितलंस?”

“तुझ्या परीक्षेवर कशाला ढकलू गं? चूक माझी ती माझीच.”

धाकटी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. ताईनं एका हातानं तिची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हातानं, सकाळीच मिळालेलं कामावरून काढल्याचं पत्र पर्समध्ये आणखी खोल सारलं.