बाराचा भोंगा

बाराचा भोंगा झाला की थॉर्नवेल गावात जो तो आपला कप हातात उचलून धरतो. खाणीत सुरुंग उडतो, टेबलं थरथरतात, आणि चहा काही फुकट येत नाही.

त्या बुधवारी चहाच्या दुकानात सगळ्यांनी कप उचलले. एका परक्या माणसानं तेवढा उचलला नाही. धडाम झालं, आणि त्याचा अख्खा चहा पुढ्यातल्या कागदांवर!

"कानात बोळे घातलेत का?" शेजारच्या टेबलावरून हेस्टर रॅग कडाडली. फडकं घेऊन पुसायला वाकली, तर तो तिचाच अर्ज निघाला. खाणीच्या खडीवरच्या करातून गावाला निधी मिळतो, त्यासाठीचा. पोरं खडीच्या ट्रकांच्या धुळीतून शाळेत जातात, म्हणून खाणीमागून पायवाट हवी आणि तिच्या कडेला दगडी बांध. बांध ती स्वतः रचणार होती. चुना-सिमेंटाशिवाय दगडावर दगड रचायचा हा तिचा पिढीजात धंदा.

"मी क्लेमंट बूथ. निधी समितीतला पाचवा, नवा," तो ओशाळून म्हणाला. "वाचता वाचता भानच राहिलं नाही."

"काय वाचता वाचता?"

"...अर्ज." कान मात्र लाल.

जागा पाहायला एक फेरी पुरते. तो चारदा आला.

"हा दगड इथे बसेल?"

"हातात घ्या, फिरवा. मग कळतं."

चौथ्या खेपेला भुरभुर पाऊस होता. भोंगा झाला. उचलायला कप नव्हता, म्हणून त्यानं तिचा हात धरला.

"मी कप नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला... आणि हात काही सोडला नाही.

ऑक्टोबरात समितीची बैठक भरली. दोघं अर्जाच्या बाजूनं, दोघं विरुद्ध, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाचवं मत क्लेमंटचं. तो उभा राहिला.

"मला मत देता येणार नाही. अर्जदारबाईंशी..."

"नातं आहे?" अध्यक्ष फर्नेसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"अजून नाही. पण व्हावं असं फार वाटतं."

हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ताच सुचलं याला हे?

"हेस्टर, तू बोल," फर्नेसबाई म्हणाल्या. " एकतर्फी असेल तर बसवते याला खाली. देऊ दे मत."

'हो, एकतर्फी' म्हटलं की त्याचं मत आणि पायवाट पदरात! ट्रक आला की कुंपणाला चिकटून उभी राहणारी पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं क्लेमंटकडे पाहिलं. तो खुणावत नव्हता, विनवत नव्हता, नुसता उभा होता. खोट्या पायावर तिनं आजवर बांध रचला नव्हता.

"एकतर्फी नाही," ती म्हणाली. "घ्या लिहून."

क्लेमंट बाहेर गेला. मतं पडली दोन-दोन. तासभर भांडण झालं आणि तडजोड निघाली: पायवाट मंजूर, बांधाचा दगडही मंजूर. रचणावळ नाही.

बाहेर तो भिजत उभा होता.

"पायवाट मिळाली. बांधाची मजुरी बुडाली... तुझ्या खरेपणापायी!"

"फुकटचा मजूर चालेल?"

"रविवारी सातला ये. भाकरी माझी."

"रविवारी सुरुंग नसतो," तो हळूच म्हणाला. "मग हात धरायला निमित्त?"

हेस्टरनं हात पुढे केला. "फर्नेसबाईंच्या वहीत लिहून झालंय. आता निमित्त कशाला लागतंय?"