खंडेनवमीची डाक

जरा जवळ सरकून बस, आणि तो दिवा राहू दे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाई म्हणायच्या, शरयूची जीभ तिखट आणि काळीज त्याहून तिखट. तरी हे अंधारात सांगणार नाही.

माझा धाकटा दीर मधु. आमच्या राज्याचे दोन तुकडे झाले, सरकारी माणसं वाटली गेली, आणि आमचा मधु वाटणीत रायपूरला गेला. "वहिनी, राज्य बदललं तरी पत्ता घरचाच राहणार," म्हणायचा. पुढे इकडे आमच्या दौलतगंजच्या घरी ब्रॉडबँड आलं, तसा त्याने देवघरालगतच्या खोलीत एक कंप्युटर कायमचा चालू करून ठेवला. सर्व्हर म्हणायचा त्याला. घराण्याची वेबसाइट, मंडळाच्या गणपतीचे फोटो, आम्हा सगळ्यांचे ईमेल, सगळं त्या डब्यात. दिवसरात्र घोंगावायचा. मी चिडवायची, "भावोजी, लोक गाय पाळतात, तुम्ही पंखा पाळलाय!"

आमचं घराणं शिलेदारांचं. खंडेनवमीला तलवार पुजायची आणि त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही. मधुचं हत्यार म्हणजे सर्व्हर. तोही त्या दिवशी बंद व्हायचा, झेंडूची माळ घालून त्याच खोलीत तलवारीशेजारी पाटावर बसायचा.

"आणि त्या दिवशीची डाक?" मी एकदा विचारलं.

"डाक लगेच परत जात नाही, वहिनी. दार बंद दिसलं की थोड्या वेळाने पुन्हा ठोठावते. मग जरा उशिराने. मग आणखी उशिराने. चार-पाच दिवस वाट बघते बिचारी."

एका श्रावणात मधु रायपूरला स्कूटरवरून पडला. पाय चिरडला. आम्ही पोचेपर्यंत... गेला. सासूबाईंना प्रवास झेपणारा नव्हता. लेकाचं तोंडही त्यांना दिसलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी त्या मला मधुला ईमेल लिहायला लावायच्या. "लिही, आज चिंचगुळाची आमटी केली. लिही, पाय दुखतो का रे अजून?" मी लिहायची. ते जाऊन पडायचं त्याच खोलीतल्या मशीनमध्ये. पण लिहून झालं की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा.

वर्षश्राद्ध झालं आणि माझे यजमान जयसिंहराव म्हणाले, "अब बस. सगळ्यांचे ईमेल मोठ्या कंपनीकडे नेऊ. खंडेनवमीला मशीन बंद केलं की पुन्हा लावायचंच नाही. आईला मी समजावतो." कसलं समजावताहेत! आईसमोर ह्यांची दातखीळ बसते.

खंडेनवमीला पूजा झाली. वायर मी स्वतः काढून फडताळात ठेवली. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "लिही गं, पाय दुखतो का अजून?" मशीन बंद आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? फोनवर उगाच बोट फिरवलं. "लिहिलं, आई."

तेवढ्यात टकटक झाली.

दार उघडलं. गल्लीत ऊन आणि झोपलेलं एक कुत्रं. आत वळले तर पुन्हा टकटक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. मग त्याहून उशिराने... तेव्हा लक्षात आलं, आवाज रस्त्याच्या दाराचा नव्हताच. मशीनच्या खोलीतून येत होता. आत गेले. पंखा बंद, खिडकी बंद, झेंडूचा दाट वास. आणि माळ हलत होती.

"कोण आहे गं?"

"कोणी नाही, आई."

"मग ठोठावतंय कोण..."

रात्री ह्यांनीही ऐकलं. "चूहा होगा," म्हणाले, आणि दिवा न मालवता झोपले. शिलेदार म्हणे!

दसऱ्याला सकाळी ह्यांनीच वायर आणून दिली. "जुनी डाक तरी उतरवून घेऊ." मशीन घोंगावू लागलं. अडकलेले ईमेल एकेक करून आले. विजेचं बिल, मंडळाचं आमंत्रण. आणि एक सासूबाईंना. तारीख कालची. नाव मधुचं.

"आई, पाय आता दुखत नाही. चालता येतं. दार लावू नका."

ह्यांनी बराच वेळ त्यात डोकं घातलं. मग हळूच म्हणाले, "शरयू, ये बाहर से नहीं आया. आपल्याच घरातून पाठवलंय."

"अहो, घरातलं मशीन तर बंद होतं!"

"तेच तर..."

आणि सासूबाईंचा तो प्रश्न मी लिहिलाच नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं.

मी त्यांना वाचून दाखवलं. मधु गेल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या, अगदी पोटभर. मला मेली भीतीही वाटत होती आणि त्यांच्यासाठी बरंही वाटत होतं. "राहू दे चालू," हे म्हणाले.

टकटक.

आता मशीन चालू होतं. डाकेला ठोठावायचं कारण नव्हतं. ह्या खेपेला आवाज रस्त्याच्या दाराचा होता. आम्ही दोघं जागचे हललो नाही.

"अगं, उघड की," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज दसरा. पोरं सोनं द्यायला येतात."

उघडलं. गल्ली रिकामी. उंबऱ्यावर मूठभर शमीची पानं, आमच्याकडचं दसऱ्याचं सोनं. ह्यांनी अजून सोनं आणलेलं नव्हतं. ते माझ्या मागेच उभे होते. मी पानं उचलली. कोमट होती, कुणी मुठीत घट्ट धरून लांबून चालत आल्यासारखी.