समोरच्या दुकानाची काच

धाड!

दातांची डॉक्टर भर सकाळी समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या दारावर जाऊन आदळली. दार बंद होतं, पण काच इतकी लख्ख पुसलेली, की तिला वाटलं उघडंच आहे. आली होती इवलासा स्क्रू ड्रायव्हर मागायला. म्हणजे निमित्त ते. खरं कारण तिचं तिला ठाऊक!

चष्मेवाला धावतच आला. तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि कपाळावरच्या टेंगळाकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"मी? शाळेत असताना… बहुतेक."

"अहो!"

"वेळ कुठे मिळतो? आणि दाढेतली बारीकशी कीड दिसते की मला."

"जवळचं दिसेलच. लांबचं काय?"

"लांबचं बघायचंय कोणाला?" ती ठसक्यात म्हणाली.

थाप होती शुद्ध. लांबचं एकच तर ती रोज बघायची. कित्येक महिने झाले, सकाळी दवाखान्याची खिडकी उघडली, की हा समोर काचेआड उभा राहून तिला हात करायचा. चांगला भरभरून, डावीकडून उजवीकडे. चेहरा धूसर दिसायचा, पण हात दिसायचा ना! मग तीही हात हलवायची आणि दिवसभर गुणगुणत लोकांच्या दाढा काढायची. तिला तो आवडत होता, आणि त्या हातावरून तिने धरूनच ठेवलं होतं, की आपणही त्याला आवडतो.

"आणि तुम्ही दात कधी दाखवलेत?" तिने उलट विचारलं.

तो हळूच म्हणाला, "वेळ कुठे…"

दोघंही खळखळून हसले. ठरलं. आत्ता हिचे डोळे, गुरुवारी त्याचे दात.

आतल्या अंधाऱ्या खोलीत तो एकेक भिंग बदलत विचारू लागला. "हे बरं, की हे?"

"हे."

"आणि आता?"

आवाज अगदी कानाशी आलेला. "आता… काहीच कळत नाहीये."

"भिंग बदलू?"

"नको. थांबा ना जरा."

चष्मा आला. सकाळी तो घालून तिने खिडकी उघडली. अगंबाई, झाडाला इतकी पानं असतात? आणि समोर तो! तिने हात उचलला…

त्याच्या हातात पिवळं फडकं होतं. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. तो काच पुसत होता.

म्हणजे इतके महिने हा नुसती काच पुसत होता? आणि आपण वेड्यासारखे हात हलवत होतो? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकी लावून घेतली, तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"चष्मा टोचतोय का गं?" तिच्या हाताखालच्या मावशींनी विचारलं.

"हो मावशी. फार टोचतोय."

त्यानंतर खिडकी उघडलीच नाही. गुरुवारी तो आला, खुर्चीत बसला. "हल्ली खिडकी बंद असते?"

"आ करा."

तिने गालाच्या आत कापसाचे बोळे ठेवले, हिरड्या बघितल्या, आरसा फिरवला. दातांच्या डॉक्टरांची ती जुनी खोड असते ना, समोरच्याचं तोंड भरलेलं असलं की नेमकं बोलायचं? तीच आज तिच्या कामी आली.

"काही बोलू नका. मला वाटायचं, तुम्ही मला हात करता. रोज. त्यावर माझा अख्खा दिवस जायचा हो! मूर्ख आहे मी. पण… आवडता तुम्ही मला. झालं सांगून. आता चूळ भरा आणि जा."

"आँ… आँ…"

"बोलू नका म्हटलं ना! कापूस आहे."

मग त्याने गळ्याखालचा रुमाल ओढून काढला आणि तिच्यापुढे हवेतच काच पुसायला लागला. डावीकडून उजवीकडे. रुमाल त्याने मुद्दाम सोडून दिला. तो खाली पडला, तरी हात हलतच राहिला.

तिने चिमट्याने कापूस काढला.

"पहिल्या दिवशी खरंच पुसत होतो," तो म्हणाला. "तुम्ही हात केलात. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणीच नाही! अहो, आमची काच आदल्या संध्याकाळीच पुसून होते. सकाळी मी पुसलेलीच पुसतो. नुसता हात करायची छाती नव्हती, म्हणून फडकं."

"म्हणजे मी आदळले ती…"

"माझ्यामुळेच. ते टेंगूळ माझ्या नावावर मांडा."

ती रडता रडता हसली. मावशींनी दारातून डोकावून विचारलं, "काही निघालं का दातांत?"

"एक दाढ किडलीय. पुन्हा यावं लागेल यांना."

"एकदाच?" त्याचा चेहरा पडला.

"आणि मग दर सहा महिन्यांनी, तपासणीला."

"सहा महिने कोण थांबतंय, डॉक्टर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चष्मा स्वच्छ पुसला, नाकावर नीट बसवला आणि खिडकी सताड उघडली. समोरच्या काचेवर कालची धूळ तशीच होती. तिच्याआड तो उभा राहून हात हलवत होता, आणि त्याच्या हातात फडकं नव्हतं.