एकोणीस इंची चाकं

घर्रर्र करत ती लाल, दोन सीटांची मोटार केशवरावांच्या दुकानापुढे थांबली, आणि डबक्यातलं अर्धं पाणी विमलच्या पातळावर उडालं!

"अजी, डोये घरीच ठेवता काय?" ती कडाडली.

उतरणारा तरुण ओशाळला... आणि हसलाही. बडनेऱ्यापुढच्या गावच्या नत्थुजी पाटलांचा उद्धव तो. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची ही गोष्ट. अख्ख्या अमरावतीत मोटारी मोजक्याच, आणि बापाच्या दुकानात बसून टायर विकणारी मुलगी एकच, ही विमल.

"मले रुंद टायर पाह्यजे," तो म्हणाला. "सोळा इंची, बुटके. गाडी कशी वाघावानी दिसली पाह्यजे!"

"दिसाले पाह्यजे का चालाले?"

"दोन्हीले."

"गावचा रस्ता कसा हाय?"

"काळ्या मातीचा."

"मंग हे घ्या." तिनं अरुंद टायरांची एकोणीस इंची चाकं दाखवली. "उंच, बारीक चाक चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीले टेकते. रुंद टायरले माती चिकटते, मडगार्डात दाटते, अन् मंग गाडी बैलच ओढतेत."

"हे तं सायकलीचे चाकं हायेत! माह्या गाडीले काहून नजर लावून राहिल्या तुमी?"

आणि पठ्ठ्या रुंदच घेऊन गेला. विमलनं ती एकोणीस इंची चाकं मात्र मागे ठेवून दिली, कुणाला विकली नाहीत.

मग उद्धवच्या गाडीचं काही ना काही हरवू लागलं. कधी नट, कधी व्हॉल्व्हची टोपी. "या पोराची गाडी हाय का चाळणी?" केशवराव म्हणायचे. विमल खाली बघून हसायची. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. स्वतःशी लपवाछपवी करणाऱ्यांतली ती नव्हती.

पण अकोल्याच्या एका वकिलाचं स्थळ सांगून आलं. केशवराव दसऱ्याला, दिवेलागणीला शब्द देणार होते. विमलनं उद्धवला सरळच सांगितलं, "त्याच्या आत सोनं घेऊन या. बाबा म्हणतेत, ज्याले पोरगी पाह्यजे त्यानं सोता मागावी. अन् येताना... चाकं बदला."

"पाऊस तं गेला आता!" तो ऐटीत म्हणाला.

दसऱ्याच्या पहाटे हस्ताचा पाऊस असा कोसळला की रानं तुडुंब भरली. दुपार झाली तरी उद्धवचा पत्ता नाही. विमल रडत बसली नाही. दुकानाचा जुना हमाल पुंजाराम, त्याला तिनं छकडा जुंपायला लावला आणि चारही चाकं आत टाकली. "माल पोचवून येते, बाबा!"

बडनेऱ्याच्या पुढे, कच्च्या वाटेवर लाल मोटार रुतून बसली होती. उद्धव नव्या धोतरात गुडघाभर चिखलात उभा राहून मडगार्डातली माती काठीनं उकरत होता. त्यानं मान वर केली.

"बैल आणले," विमल म्हणाली.

"विमल... मी..."

"आधी पाना धरा. बोलणं मंग."

पुंजारामच्या बैलांनी मोटार मुरमावर ओढली. एकेक चाक बसू लागलं. पाना देता-घेता बोटाला बोट लागलं – एकदा चुकून, पुढे मुद्दाम. शेवटचा नट आवळून त्यानं खिशातून आपट्याची चुरगळलेली डहाळी काढली, तिच्यातलं एक पान तिच्या हातावर ठेवलं.

"पयलं सोनं तुमाले. मले तुमी पाह्यजे, विमल. चाकं कोनतेबी चालतीन."

"चाकं एकोणीस इंचीच," ती म्हणाली, आणि पान मुठीत घट्ट धरलं. "अन् मले... तुमीच."

घरी पोचले तेव्हा केशवरावांच्या हातात काडेपेटी होती, दिवा लागायचा होता. उद्धव चिखलासकट पुढे आला, उरलेलं सोनं देऊन पाया पडला.

"विमलले मागाले आलो."

केशवरावांनी अंगणात उतरून मोटारीभोवती फेरी मारली.

"हेच चाकं नाकारले होते ना तुमी?"

"व्हय. चुकलो."

केशवरावांनी ओसरीवरचा दिवा लावला, मग लेकीकडे पाहिलं. "चुकलो म्हणता येते याले. बरं हाय." आणि आत जाताजाता म्हणाले, "पाय धुवा दोघंबी, पानं वाढली हायेत. त्या वकिलाले मी निरोप धाडतो."